कला शाखेतून विज्ञानाकडे: गाडी अडते ती बीजगणितात

विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करण्याआधी विभागाची पूर्वअटींची (आधी शिकलेले असायला हवेत अशा विषयांची) यादी काढा आणि शेवटच्या विषयापासून मागे या: क्वांटम मेकॅनिक्सला (अणूपातळीवरच्या भौतिकशास्त्राला) रेषीय बीजगणित (लिनिअर अल्जेब्रा) आणि कलन (कॅल्क्युलस) दोन्ही लागतात. बरेच जण कलनात अडकतात, पण मूळ दुखणं त्याखाली असतं. ‘साइन (एक्स वर्ग)’चं, म्हणजे वर्ग फक्त एक्सचा, अवकलन (डेरिव्हेटिव्ह) ‘२एक्स कोसाइन (एक्स वर्ग)’. त्यातला २एक्स सुटला तर साखळी नियम (एका फलनाच्या आत दुसरं असताना अवकलन करण्याचा नियम) कच्चा आहे. अपूर्णांकांची बेरीजच चुकत असेल, तर लाज सोडून आधी शाळेचं बीजगणित काढा. व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, कोऱ्या कागदावर हात थांबतो. म्हणून तेच गणित २ दिवसांनी, उत्तर झाकून पुन्हा सोडवा.

प्रयोगशाळेची सवय मात्र घरी लागत नाही. श्रेयांक मिळणारा एखादा प्रात्यक्षिकाचा कोर्स घ्याच. गुणपत्रिकेत नोंद होते, शिवाय शिफारसपत्राला विज्ञानाचे शिक्षक मिळतात. इतिहासाच्या सरांचं कौतुक तिथे एकटं पुरत नाही.