खाजगी विमानाच्या हँगरची अंतर्सजावट: नवी मुंबईच्या दमट हवेत काय टिकते

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या खाडीलगत आहे. तिथल्या खाऱ्या, दमट हवेचा विचार न करता केलेली सजावट कितीही महागडी असली, तरी काही पावसाळ्यांतच तिची रया जाते. म्हणून तेथे स्वतःच्या विमानासाठी हँगर, म्हणजे विमान ठेवण्याची बंदिस्त शेड, सजवताना सोफ्याचे कापड निवडण्याआधी जमिनीकडे पाहावे.

काँक्रीटवर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा, थर देण्यापूर्वी जाड पारदर्शक प्लास्टिकचा साधारण १८ इंची चौरस तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून किमान १६ तास जमिनीवर घट्ट बसवून ठेवावा. खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर कंत्राटदाराने कितीही घाई केली तरी थांबावे, कारण आत कोंडलेली ओल पुढे फुगे आणते आणि सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. रंग फिकट राखाडी घ्यावा. त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने पंखांची खालची बाजू उजळते आणि पडलेला स्क्रू किंवा गळलेला तेलाचा थेंब लगेच नजरेस येतो. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, त्यामुळे निदान दाराजवळच्या पट्ट्यात तरी वरचा थर अॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा असावा. स्कायड्रॉलसारखे हायड्रॉलिक द्रव अनेक रंगांना खातात. निवडलेला थर त्यांना तोंड देतो की नाही, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. संगमरवर मात्र विमानाखाली मुळीच घालू नये. त्यावरचा तेलाचा डाग खोलवर मुरतो.

जागेचा हिशोबही आधीच करावा. उदाहरणार्थ, गल्फस्ट्रीम जी-६५० या खाजगी जेट विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३०.४ मीटर आणि शेपटीची उंची सुमारे ७.८ मीटर आहे. विमान आत ओढून आणण्याचा मार्ग आधी जमिनीवर आखावा, आणि झुंबर, कपाटे, जिना यांच्या जागा त्यानंतरच ठरवाव्यात.

बैठकीच्या दालनातून काचेपलीकडे विमान दिसावे, ही हौस रास्त आहे आणि ती पुरवावी. मात्र काच अग्निरोधक आणि दुहेरी हवी. पावसाळ्यात दालनातील वातानुकूलनाने थंड झालेल्या एकेरी काचेवर बाहेरच्या बाजूने दव साचते आणि ज्याच्यासाठी ती बसवली, ते विमानच धूसर दिसते. जेट ए-१ या विमान इंधनाचा प्रज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३८ अंश सेल्सियस असल्याने कोकणातील कडक उन्हाळ्यात तापमान त्याच्या जवळ पोहोचते. म्हणून पडदे आणि गाद्यांचे कापड अग्निरोधक असावे, आणि आग विझवणारी यंत्रणा फॉल्स सीलिंगच्या हौसेपायी कधीही झाकू नये.

लाकडी कामासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित मरीन प्लाय वापरावा, कापलेल्या कडा सील कराव्यात, आणि बिजागऱ्या, कठडे यांसाठी ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत कमी गंजणारे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. भिंतीसाठी पालघरच्या वारली चित्रकारांकडून मोठे चित्र करवून घेतले, तर आयात केलेल्या शोभेच्या वस्तूंपेक्षा ते मला अधिक शोभून दिसते.

कारागिरांना विमानतळाच्या सुरक्षित भागात प्रवेशपत्राशिवाय जाता येत नाही. तेव्हा फर्निचरचे सुटे भाग ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा रबाळ्याच्या कारखान्यात पूर्ण करून घ्यावेत आणि हँगरमध्ये केवळ बोल्टने जोडावेत. हँगरचा भाडेकरार संपल्यावर ते तसेच सोडवून नेता येतात.