संगीत विद्यालय बांधताय? मग या चुका टाळा

मला फोन येतो तो नेहमी एकाच वेळी. रंगकाम झालेलं असतं, नावाची पाटी लागलेली असते, पहिला वर्ग भरतो आणि पहिल्याच दिवशी व्हायोलिनच्या शिक्षकांना शेजारच्या खोलीतलं गाणं शब्दासकट ऐकू येतं. "आता काही करता येईल का?" करता येतं. पण नकाशा टेबलावर असताना जे खोडरबराने झालं असतं, त्याला आता छिन्नी-हातोडा लागतो.

भिंत अर्ध्यावर सोडणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. शहरातल्या इमारतीत जागा कमी आणि वायरी, पाइप, डक्ट यांचा पसारा मोठा. भिंत फॉल्स सीलिंगच्या थोडी वर थांबवली की हा सगळा पसारा वरून सरळ नेता येतो. कंत्राटदार खूश, इलेक्ट्रिशियन खूश, काम आठ दिवस आधी पूर्ण.

एका शाळेत असंच झालं होतं. एका मजल्यावर आठ खोल्या, मधल्या भिंती नऊ इंची विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. अशी भिंत नीट बांधली तर ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. तरी तक्रार अशी की दारं लावली तरी आठ वर्ग एकाच खोलीत भरल्यासारखे वाटतात. मी जाईपर्यंत मालकांनी स्वतःच्या डोक्याने उपाय करून टाकला होता. सगळ्या भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत फोम, तोही दोन रंगांत, बुद्धिबळाच्या पटासारखा.

मी शिडी मागवली, सीलिंगची एक टाइल सरकवली आणि डोकं आत घातलं. टॉर्च लावायची गरजच पडली नाही. शेजारच्या खोलीच्या दिव्यांचा उजेड टाइलच्या फटींतून वर येत होता, त्याच्या पलीकडच्या खोलीचाही. भिंती स्लॅबच्या दीड फूट खाली संपल्या होत्या. आठ खोल्यांना मिळून वर एकच माळा होता. तेवढ्यात पलीकडे गाणाऱ्या बाई तारसप्तकात चढल्या आणि तो सूर माझ्या कानाला घासून पुढच्या खोलीत उतरला. मालक खाली शिडी धरून उभे होते. त्यांनाही वर चढवलं, मग फोमचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

भिंती वर नेताना गवंड्याचे हाल झाले. केबलचे जुडगे, पाण्याचा पाइप, दोन डक्ट, आणि त्यांच्यामधून विटा तासून एकेक बसवायची. शेवटच्या इंचभर फटीत नुसता माल कोंबला की तो वाळून आकसतो आणि फट परत उघडते. तिथे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) दाबून दोन्हीकडून लवचिक सीलंट भरलं. केबल जिथून जाते तिथली भोकंही तशीच बुजवली. पूर्ण सुट्टी त्यात गेली.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फॉल्स सीलिंग चढण्याआधी एकदा रात्री साइटवर जायचं. एका खोलीत दिवा लावायचा, शेजारच्या खोलीत अंधारात उभं राहायचं आणि जिथून उजेड दिसेल तिथे खडूने फुली मारायची. उजेड जातो तिथून आवाज जातोच. (उजेड दिसत नाही म्हणून आवाजही जात नाही, असं मात्र समजू नका.) या प्रकाराला कुणी शास्त्रीय चाचणी म्हणणार नाही, पण गवंड्याला डेसिबलचा तक्ता दाखवण्यापेक्षा खडूची फुली दाखवलेली बरी.

अडवणं आणि शोषणं यांत गल्लत

फोमचं निघालंच आहे तर. हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानकक्ष दुरुस्त करायला दिला होता. तिथे शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली, हातात घड्याळ धरलं आणि किती गाद्यांनी घुमणं किती घटतं ते मोजलं. त्यातून त्याने सूत्र मांडलं: घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो, शोषणाबरोबर घटतो. सगळी गोष्ट त्या एकाच खोलीच्या आतली आहे. गादी, पडदा, फोम हे आतलं घुमणं कमी करतात. शेजारच्याला वाचवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. पातळ फोम तर फक्त वरचे स्वर खातो, खालचे तसेच ठेवतो. खोली चोंदलेल्या नाकासारखी होते आणि मुलं उगाच जोर लावून वाजवायला लागतात. आवाज अडवायला भिंतीला चिकटवतात त्या अंड्यांच्या ट्रेबद्दल मला विचारू नका.

दार

एक मीटर रुंद, २.१ मीटर उंच दार घ्या. खाली एक सेंटिमीटर फट ठेवा. ती फट दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्काही नाही, पण मग झडप शिशाची केली तरी ते दार २३ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवत नाही. भरीव झडप, तिन्ही बाजूंनी रबर, खाली दार लागताच आपोआप उतरणारी पट्टी. आणि दोन खोल्यांची दारं कॉरिडॉरमध्ये समोरासमोर नकोत. मी दाराखाली कागद सरकवून बघतो. सरकला तर सुताराला परत बोलावतो.

तरंगती जमीन आणि मेहनती टाइलवाला

ड्रमच्या खोलीखाली वर्ग असेल तर जड स्लॅबनेही भागत नाही, कारण ठोका थेट काँक्रीटमध्ये शिरतो. म्हणून रबराच्या पॅडवर दुसरी जमीन ओततात. ती मूळ स्लॅबला किंवा भिंतीला कुठेही टेकता कामा नये. एका कामावर हे सगळं आम्ही डोळ्यांत तेल घालून करून घेतलं. कडेने चारी बाजूंना मऊ पट्टी सोडली, ओतकाम होईपर्यंत मी स्वतः उभा होतो. नंतर टाइलवाला आला. त्याला ती पट्टी अर्धवट काम वाटली. त्याने तिची कड कापून टाकली, फट ग्राउटने गच्च भरली आणि वर स्कर्टिंग जमिनीला चिकटवून बसवलं. इतकं सुबक की पाहत राहावं. पहिल्या दिवशी बेस ड्रमचा ठोका खालच्या वर्गाच्या भिंतीतून येत होता.

चूक त्याची नव्हती, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सगळीकडून कटरने ग्राउट कोरून काढला, स्कर्टिंग उचलून खाली थोडी फट ठेवली आणि तिथे सिलिकॉन भरलं. आता असं काम असलं की शेवटची टाइल बसेपर्यंत मी साइट सोडत नाही, आणि टाइलवाल्याला पहिल्याच दिवशी चहाला बसवून ती पट्टी कशासाठी आहे ते सांगतो.

जागा न ऐकता घेणं

जागा बघायला लोक दुपारी जातात. रात्रीही जा, आणि शेजारून रेल्वे जात असेल तर गाडी येईपर्यंत थांबा. लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल (१९५१) रेल्वे पुलाला खेटून आहे. तिथे मुख्य सभागृह इमारतीच्या पोटात, चारी बाजूंनी इतर दालनं ठेवून वर उचललं. गाड्यांवर तोडगा निघाला, पण सभागृह इतकं कोरडं वाजलं की १९६०च्या दशकात घुमणं वाढवायला विजेची यंत्रणा बसवावी लागली. शाळेपुरता धडा साधा आहे: रस्त्याच्या बाजूला ऑफिस, वाचनालय, जिना ठेवा आणि वर्ग आत घ्या.

बाकीच्या, पटापट

तीन बाय तीन बाय तीन मीटरची खोली काढू नका. लांबी, रुंदी, उंची तिन्हींत ५७ हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर फुगतो आणि डबल बासवाल्याला वाटतं वाद्यच बिघडलं.

समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये टाळी वाजवा. तर्र्र असं ऐकू आलं तर एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा ती थोडी तिरकी घ्या.

सगळ्या खोल्यांना एकच एसी डक्ट सरळ नेला की तो बोलायची नळी होतो. खोलीगणिक फाटा, आतून अस्तर आणि मोठा डक्ट, म्हणजे हवा हळू वाहते आणि सूंसूं करत नाही.

स्विचबोर्ड भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू नका. दोन फूट सरकवा.

सगळ्या खोल्या सारख्याच कोरड्या करू नका. सरावाच्या छोट्या खोलीला अर्धा सेकंद घुमणं पुरतं, वाद्यवृंदाच्या खोलीला जास्त उंची आणि जास्त घुमणं लागतं.

पियानोच्या खोलीत हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. थेट ऊन आणि एसीचा झोत, दोन्ही त्याच्यावर नकोत.

आणि तो पियानो आत कुठून येणार? मोठा कॉन्सर्ट ग्रँड २.७४ मीटर लांब आणि जवळजवळ ५०० किलोचा असतो. लिफ्ट, जिन्याचं वळण, दाराची रुंदी, वाटेतला स्लॅब, सगळं नकाशावरच मोजा. एका ठिकाणी तो शेवटी क्रेनने खिडकीतून आत घेतला. आधी अर्थातच खिडकी काढावी लागली.