मनगटावरील गँगलियनची गाठ : खात्री, वाट पाहणे आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत

हाताचा तळवा खाली करून मनगट आत दुमडले की मनगटाच्या पाठीवर, साधारण मधोमध पण किंचित अंगठ्याच्या बाजूला, वाटाण्याएवढा किंवा सुपारीएवढा गोल उंचवटा वर येतो, आणि मनगट सरळ केले की तो बराचसा लपतो. असे दिसत असेल तर ती गाठ बहुतेक वेळा गँगलियनची असते. हात आणि मनगट यांवर येणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत अधिक आढळते; २० ते ४० या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण जास्त असते. ती कर्करोगाची गाठ नसते आणि पुढे कर्करोगात बदलतही नाही. घरात तिला सरसकट ‘आवाळू’ किंवा ‘चरबीची गाठ’ म्हटले जाते. इंटरनेटवर गँगलियन हा शब्द शोधणारा माणूस तर अधिकच घाबरतो, कारण चेतापेशींच्या पुंजक्यांनाही शरीरशास्त्रात हेच नाव आहे. हे केवळ नामसाम्य आहे; मनगटावरची ही गाठ मज्जातंतूंच्या आजारातून आलेली नसते.

या गाठीबाबत करण्यासारखे फार थोडे असते, पण जे करायचे ते कोणत्या क्रमाने करायचे याला महत्त्व आहे. आधी गाठ कशाची आहे याची खात्री करावी, मग वाट पाहावी, आणि त्यानंतरही त्रास उरला तरच सुई किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा. हा क्रम उलटा केला की साध्या गाठीचे दुखणे होऊन बसते.

गाठ कशाची बनलेली असते

मनगटात आठ लहान हाडे असतात आणि ती अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात. पाठीवरची गाठ बहुधा यांपैकी स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधील अस्थिबंधाजवळून निघते. सांध्याच्या आवरणाला तेथे एक बारीक देठ फुटतो आणि त्याच्या टोकाशी घट्ट, पारदर्शक, जेलीसारखा द्रव साठत जातो. सांध्यातील वंगणापेक्षा हा द्रव बराच दाट असतो. देठाची रचना सायकलच्या ट्यूबमधील व्हॉल्व्हसारखी, म्हणजे द्रव बाहेर येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. कामाचा ताण पडला की गाठ फुगते आणि चार दिवस विश्रांती मिळाली की बसते, या नेहमीच्या अनुभवाशी ते जुळते. देठाची ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सुईने रिकामी केलेली गाठ परत का भरते, हे तिच्यामुळेच समजते.

दुसरी नेहमीची जागा मनगटाच्या तळव्याकडील बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, जेथे नाडी पाहतात तेथेच असते. ही जागा अवघड आहे. रक्तवाहिनी गाठीला चिकटून किंवा तिच्यावरूनच जात असल्यामुळे या गाठीला हात लावताना जास्त सावधगिरी बाळगावी लागते.

घरी काय पाहावे

प्रथम गाठ बोटाने हळूच चाचपून पाहावी. गँगलियनची गाठ गोल, गुळगुळीत आणि ताणलेल्या रबरासारखी लागते. कधी ती इतकी टणक असते की हाड वाढल्याचा भास होतो. वरची त्वचा गाठीवरून सहज सरकते, गाठ मात्र खाली सांध्याशी धरलेली असल्यामुळे फारशी हलत नाही. त्यानंतर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च गाठीच्या कडेला टेकवावा. आत पारदर्शक द्रव असेल तर गाठ आतून तांबूस उजळते. ही युक्ती उपयोगी असली तरी तो पुरावा नव्हे: लहान किंवा खोल गाठ उजळत नाही, आणि चरबीची गाठही थोडाफार उजेड जाऊ देते.

नंतर मनगट दुमडून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा त्याच स्थितीत पुन्हा फोटो घ्यावा. डॉक्टरांना ‘वाढते आहे असे वाटते’ असे सांगण्यापेक्षा हे चार फोटो कितीतरी अधिक सांगून जातात. सोबत दुखते केव्हा, बोटांना मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, हेही टिपून ठेवावे.

कोणत्या गाठीला गँगलियन समजू नये

वाट पाहणे सुरक्षित ठरते ते गाठ खरोखर गँगलियनची असेल तरच, म्हणून हा भाग घाईने वाचू नये. हाताला लागणारी उंची दगडासारखी कठीण असेल आणि ती तर्जनी किंवा मधल्या बोटाच्या तळहाडाच्या बुडाशी असेल, तर ती त्या ठिकाणची हाडाची वाढ असू शकते. गाठ नाडीबरोबर स्वतः उडत असेल तर ती रक्तवाहिनीचा फुगवटा असण्याची शक्यता असते. वेगाने वाढणारी, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, खोल रुतलेली किंवा रात्री झोपमोड करणारी गाठ विनाविलंब तज्ज्ञांना दाखवावी. लाली, उष्णता आणि ताप असेल तर संसर्गाचा विचार करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्याकडे आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते, ती क्षयरोगाची. क्षयाचे जंतू बोटे मिटणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणात शिरले की तळव्याच्या बाजूला मनगटाच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे सूज येते, आणि एका बाजूला दाबले तर दुसरी बाजू फुगते. हिला जुन्या पुस्तकांत ‘कंपाउंड पामर गँगलियन’ म्हटलेले आढळते, पण साध्या गँगलियनशी तिचे नावापुरतेच नाते आहे. तिला क्षयाची औषधे लागतात आणि वाट पाहत बसल्यास स्नायुबंध खराब होतात. संधिवाताच्या रुग्णांतही स्नायुबंधांची आवरणे अशीच सुजतात. सूज गोल नसून लांबट असेल आणि बोटे हलवली की तीही सरकत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

डॉक्टरांची एक भेट

अस्थिरोगतज्ज्ञ, हाताचे शस्त्रक्रियातज्ज्ञ किंवा जनरल सर्जन यांपैकी कोणालाही गाठ दाखवता येते. अनुभवी डॉक्टरांना बहुधा नजरेने आणि स्पर्शानेच निदान होते. शंका राहिली तर सोनोग्राफी पुरेशी ठरते. गाठीत द्रव आहे की ती भरीव आहे, आणि धमनी तिच्यापासून किती जवळ आहे, हे तिच्यात कळते. एक्स-रेत गाठ दिसत नाही, तो हाडांसाठी असतो. वर काहीच दिसत नसताना मनगट मागे वाकवले की दुखते, अशा वेळी आत दडलेले छोटे गँगलियन शोधण्यासाठी एमआरआय सांगितला जातो. समोर दिसणाऱ्या साध्या गाठीसाठी कोणी पहिल्याच भेटीत एमआरआय सांगितला, तर तो कशासाठी हे विचारण्यात संकोच करू नये.

वाट पाहणे म्हणजे काय करणे

उपचार न केलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या काही वर्षांत आपोआप नाहीशा होतात आणि मुलांमध्ये तर हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणून न दुखणाऱ्या गाठीला काहीही न करणे हाच पहिला उपचार मानला जातो. दुखत असेल तर मात्र मनगटाला मागे वाकवून त्यावर भार देणारी कामे शोधून ती बदलावीत, कारण पाठीवरची गाठ त्याच स्थितीत चिमटली जाते.

घरातील कामांत पोळ्या लाटणे, ओले कपडे पिळणे आणि जमिनीवर तळहात टेकून उठणे या तीन गोष्टी यात पुढे असतात. पोळ्या लाटताना ओटा उंच वाटत असेल तर पाट घेऊन उभे राहावे, म्हणजे दाब मनगटातून न जाता खांद्यातून येतो. कपडे पिळण्याऐवजी नळाला अडकवून निथळू द्यावेत. सूर्यनमस्कार आणि दंड घालणाऱ्यांनी काही आठवडे तळहाताऐवजी मुठींवर भार घ्यावा, कारण मुठीत मनगट सरळ राहते. मयूरासन मात्र तूर्त बाजूलाच ठेवावे. संगणकावर काम करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून वर उचललेले राहत असेल तर कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो सपाट करावा.

त्रास जास्त असलेल्या दिवसांत औषधाच्या दुकानात मिळणारा मनगटाचा पट्टा वापरता येतो. तो जड कामाच्या वेळी घालावा आणि इतर वेळी काढून ठेवावा. महिनोन्महिने घातल्यास सांधा आखडतो आणि स्नायू दुबळे होतात. मालिशने गाठ विरघळत नाही. आंबेहळदीचा लेप लावला तर त्वचा पिवळी होण्यापलीकडे सहसा काही होत नाही, त्यामुळे तो लावायचाच असेल तर आजीचे मन राखण्यासाठी लावायला हरकत नाही.

काय करू नये

बिब्बा लावणे ही मात्र निरुपद्रवी गोष्ट नाही. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळा डाग मागे राहतो; गाठ त्वचेखाली जशीच्या तशी असते. चुना आणि गूळ यांच्या लेपानेही नाजूक त्वचा जळते. तापलेल्या सळईने डाग देण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

जाड पुस्तकाचा फटका मारून गाठ फोडण्याचा प्रकार जुना आहे आणि युरोपात त्यासाठी बायबल वापरले जाई, म्हणून इंग्रजीत या गाठीला बायबलच्या नावानेही ओळखतात. फटक्याने गाठ फुटते आणि दिसेनाशी होते हे खरे; म्हणूनच ही युक्ती इतकी टिकली. पण देठ तसाच राहिल्याने ती पुन्हा भरते, आणि फटका चुकला तर मनगटाचे लहान हाड मोडू शकते. घरी सुईने टोचणे त्याहून धोक्याचे आहे, कारण ही पोकळी सांध्याशी जोडलेली असते आणि तिच्यात शिरलेले जंतू सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.

सुईने द्रव काढणे

गाठ दुखते पण शस्त्रक्रिया नको, अशा वेळी डॉक्टर जागा बधिर करून जाड सुईने द्रव ओढून घेतात. द्रव दाट असल्यामुळे बारीक सुई चालत नाही. काम दवाखान्यातच, थोड्या वेळात होते, आणि सुईत जेली आली की निदानाचीही खात्री पटते. अनेकांना तेवढ्यानेच हायसे वाटते. इंग्लंडमधील लेस्टर येथे रुग्णांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुईने उपसलेल्या ५८ टक्के गाठी परत आल्या होत्या. काही ठिकाणी सोबत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात; त्याने परत येणे कमी होते असे ठामपणे दिसलेले नाही आणि त्या जागी त्वचा फिकट पडू शकते. नाडीच्या बाजूची गाठ उपसायची असल्यास धमनीचा धोका डॉक्टरांकडून समजून घ्यावा. अनेक सर्जन तेथे सुई टाळतात.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी

दुखणे काही महिन्यांनंतरही कामात आड येत असेल, पकड कमी झाली असेल किंवा मज्जातंतू दबून बोटे बधिर होत असतील, तर शस्त्रक्रियेचा निर्णय योग्य ठरतो. केवळ दिसायला वाईट म्हणून करून घेणाऱ्यांनी गाठीच्या जागी व्रण येणार आहे, हे आधी आरशासमोर उभे राहून मनाशी ठरवावे. लेस्टरच्या त्याच अभ्यासात कापून काढलेल्या ३९ टक्के गाठीही परत आल्या होत्या आणि लक्षणांच्या बाबतीत उपचार न घेतलेल्यांपेक्षा फारसा फरक नव्हता. इतर ठिकाणचे आकडे याहून बरेच चांगले आहेत. देठ आणि त्याच्या बुडाशी असलेला सांध्याच्या आवरणाचा लहान तुकडा पूर्ण निघाला की नाही, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून आपल्या सर्जनने अशा किती गाठी काढल्या आहेत, हा प्रश्न उद्धटपणाचा मानू नये.

शस्त्रक्रिया बहुधा हात बधिर करून केली जाते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. विमा असल्यास डे-केअर उपचारांविषयीची अट आधी वाचावी. तळव्याच्या बाजूची गाठ असेल तर डॉक्टर मनगटातील दोन्ही धमन्या दाबून, मग एकेक सोडून तळव्याला लाली परत येते का हे पाहतात. हाताला रक्तपुरवठा करणारी दुसरी वाहिनी शाबूत आहे, याची ती खातरजमा असते. काढलेली गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली का, हे विचारावे आणि अहवाल जपून ठेवावा.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा आणि बोटांची उघडझाप पहिल्याच दिवसापासून सुरू करावी. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोपर्यंत जखम कोरडी ठेवावी. भांडी घासणे या काळात दुसऱ्या कोणाकडे सोपवावे आणि ते खरोखर सोपवले जाईल अशी व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी. पट्टा सुटल्यावर मनगट काही आठवडे आखडलेले वाटते. ते मागे-पुढे वाकवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. पाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर व्रणाभोवती थोडी बधिरता राहू शकते, कारण त्वचेच्या संवेदनेचे बारीक मज्जातंतू तेथून जातात. बोटे पांढरी पडणे, जखमेतून पू येणे किंवा ताप येणे यांपैकी काही झाल्यास मात्र टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता परत जावे.

गाठ काही महिन्यांनी पुन्हा दिसली तर लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. ती दुखते का, कामात आड येते का, हे आधी पाहावे, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून नवा फोटो काढावा.