काळ्या दगडात लाल दाणा दिसला? या चुका टाळा

विहिरीचं खोदकाम असो, शेततळं असो की डोंगरातून काढलेला नवा रस्ता, काळ्या दगडात लालसर दाणे चमकले की आपल्याकडे दोन अंदाज बांधले जातात. गावातली मंडळी म्हणतात माणिक, आणि कॉलेजात भूशास्त्र घेतलेली पोरं म्हणतात लाव्ह्यातलं गार्नेट, म्हणजे माणकासारखंच लाल दिसणारं एक खनिज. पहिल्या अंदाजापायी लोक पैसे घालवतात, दुसऱ्यापायी प्रकल्पवहीत चुकीची नोंद होते. दाण्याकडे वळण्याआधी दगड नीट पाहिला तर दोन्ही टळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दगड काळा दिसला की त्याला लाव्हा ठरवणं. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ या पट्ट्यात ते बहुतेक खरंच ठरतं. मेळघाट आणि गाविलगडचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचेच, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचेच आहेत. पण रामटेक, मनसर, तुमसरकडे गेलात की पायाखालचा खडकच बदलतो. तिथला काळा चकचकीत दगड बऱ्याचदा शिस्ट असतो, म्हणजे जुना गाळाचा खडक जमिनीत खोल जाऊन दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेला. तुकडा उन्हात तिरपा धरा. अभ्रकाचे पापुद्रे एकदम लकाकले तर तो लाव्हा नाही. आता भिंग लावा. तपकिरी-लाल दाण्यापाशी पापुद्रे अडतात आणि त्याला वळसा घालून पुढे जातात. हे एकदा डोळ्यांत बसलं की सहसा फसगत होत नाही. विदर्भातलं गार्नेट प्रामुख्याने अशाच रूपांतरित खडकांत मिळतं. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या पट्ट्यात तर क्वार्ट्झ (गारगोटी) आणि मँगनीजयुक्त गार्नेट मिळून आख्खा खडक बनलेला आहे. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. गोंडाइट म्हणतात तो हाच.

मग बेसॉल्टमध्ये लाल दिसतं ते काय? बहुतेक वेळा पोकळीत भरलेलं खनिज. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्यांत पाण्यातून जास्पर, कार्नेलियन किंवा लालसर हुलँडाइट साचलं. असा गोटा फोडून बघा: कडेला अनेकदा हिरवट साल असते, आत बाहेरून मध्याकडे थर लागलेले असतात. गार्नेटमध्ये असे भरावाचे थर नसतात, आणि ते शाबूत असेल तर बाहेरून सपाट, शंकरपाळ्याच्या आकाराच्या बाजू दिसतात. दुसरी शक्यता गंजलेल्या ऑलिव्हिनची, म्हणजे बेसॉल्टमधल्या एका मूळच्या हिरवट खनिजाची. ते दाणे बारीक, तांबूस, आणि सुईने खरवडले तर भुगा होतो.

लाव्ह्यात गार्नेट सापडतच नाही, असं मात्र लिहू नका. दुर्मीळ असलं तरी ते असतं. लोहयुक्त गार्नेटला शिलारसात घडायला मोठा दाब लागतो, म्हणजे साधारण वीस-पंचवीस किलोमीटरची खोली. तिथून रस सावकाश वर आला तर दाणे पुन्हा विरघळतात किंवा त्यांची दुसरीच खनिजं होतात. झपाट्याने वर आला तरच टिकतात, आणि तेव्हाही कडा झिजलेल्या आणि भोवती वेगळ्या खनिजाचं कडं दिसू शकतं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, उत्तर हंगेरीच्या डोंगरांत असे खडक आहेत. मँगनीजयुक्त गार्नेटचं तंत्र निराळं. त्याला एवढा दाब लागत नाही, म्हणून अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रुबी माउंटनच्या रायोलाइटमध्ये, म्हणजे लाव्ह्यापासूनच झालेल्या फिकट खडकात, ते पोकळ्यांतच वाढलेलं मिळतं.

हे वाचून कुणी गोंदियाकडे साळेकसा, दरेकसा भागात निघेल, कारण तिथे खरोखर प्राचीन रायोलाइट आहे. जरूर जा, पण तिथे वेगळीच चूक वाट बघत असते: गुलाबी फेल्डस्पारला, म्हणजे खडकांत सर्रास आढळणाऱ्या एका खनिजाला, गार्नेट समजणं. फेल्डस्पार लांबट चौकोनी दिसतो आणि फुटला की सपाट पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. गार्नेटला अशी सपाट फूट नसते, ते काचेसारखं वेडंवाकडं तुटतं.

चाचण्यांबद्दलही गैरसमज फार. काचेवर ओरखडा उमटला म्हणजे गार्नेट, हे साफ चूक आहे. क्वार्ट्झ आणि जास्परही काच खरवडतात. लिंबू पिळून फक्त कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) ओळखता येतं, तेही फेस आला तर. वजन जास्त उपयोगी पडतं. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, लोह किंवा मँगनीजयुक्त गार्नेटची चारच्या वर. म्हणूनच शिस्टच्या भागातल्या नाल्याची रेती घमेल्यात पाण्यासोबत गोल फिरवली की पांढरी रेती वाहून जाते आणि तळाशी काळी-लाल ओळ उरते. काळे दाणे साध्या चुंबकाला चिकटले तर ते मॅग्नेटाइट. लाल दाणे जुन्या हार्ड डिस्कमधल्या जोरदार चुंबकाकडे हलकेच सरकले तर गार्नेट असण्याची शक्यता चांगलीच वाढते. तरीही शंका राहिली तर भूशास्त्र विभागात पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. एक आडवा, एक उभा अशा दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाश एकाच दिशेचा करणाऱ्या चकत्यांमध्ये) गार्नेट सहसा काळंच राहतं, सूक्ष्मदर्शकाचं टेबल कितीही फिरवलं तरी.

नदीतला गोटा किंवा रस्त्यावरची गिट्टी हा पुरावा धरू नका. कन्हान आणि वैनगंगा मध्य प्रदेशातून दगड वाहून आणतात, गिट्टी कुठल्या खाणीची आहे ते सांगता येत नाही. नमुना कातळातूनच घ्या आणि जागा तिथेच लिहून ठेवा.

राहिली विक्री. शिस्टमधलं गार्नेट बहुतेक तडकलेलं, अपारदर्शक असतं, दागिन्याला चालत नाही. "माणिक आहे, तपासणीचे पैसे आधी द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि जंगलातला दगड परवानगीशिवाय उचलू नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनातले खडक आणि खनिजंही वनोपज धरली आहेत, त्यामुळे मेळघाटात किंवा पेंचमध्ये शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि दगड जागेवरच सोडा.