शेजारप्रीतीची आज्ञा घरी शिकवताना या चुका टाळा

वडोदऱ्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील घरांत रात्रीची जेवणे आटोपली की कौटुंबिक प्रार्थना होते आणि मुले ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन घडाघडा म्हणून दाखवतात. पाठांतर पक्के असते. अर्थाची गाडी मात्र अडते ती ‘शेजारी’ या शब्दापाशीच. मराठीत शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा, त्यामुळे समोरच्या ब्लॉकमधील काकूंना वाटीभर साखर दिली की आज्ञा पाळून झाली, अशी मुलांची समजूत होते.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील शास्त्र्यानेही, म्हणजे नियमशास्त्राच्या जाणकारानेही, ‘माझा शेजारी कोण?’ असेच विचारले होते. येशूने व्याख्या दिली नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवरील जखमी माणसाची गोष्ट सांगितली आणि त्याला पाहून पुढे निघून गेलेला याजक, तसाच गेलेला लेवी आणि थांबून मदत करणारा शोमरोनी या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला, असा प्रश्न शास्त्र्यालाच उलट केला. ही गोष्ट ‘एका भल्या माणसाची’ म्हणून सांगणे ही दुसरी चूक होय, कारण यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांपैकी तो मदत करणारा होता, हे गाळले तर गोष्टीचा काटाच निघून जातो. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, उतारशाळेत दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवली आणि जखमीचे गाव किंवा कूळ विचारले नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले, तेव्हा पार्किंगवरून ज्या कुटुंबाशी आमचा अबोला होता त्यांचा गॅस सिलिंडर आणि भिजलेल्या गाद्या आमच्याच जिन्यात आल्या. त्या दिवशी मुलांना शोमरोनी वेगळा समजावावा लागला नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र हे वचन त्याच्या अध्यायातून सुटे काढण्याची आहे. ते मुळात जुन्या करारातील लेवीय या पुस्तकातले (19:18) आहे, आणि त्याच अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडावेत, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये आणि चहाड्या करीत फिरू नये, असे सांगितले आहे. पुढे 34व्या वचनात परक्यावरही स्वतःसारखीच प्रीती करण्याची आज्ञा आहे. प्रीती म्हणजे गोड वाटणे नव्हे, हे मुलांना येथून कळते. कामवाल्या मावशींचा पगार ‘सुट्टे नाहीत, उद्या या’ म्हणून लांबवायचा आणि संध्याकाळी प्रीतीवर प्रार्थना करायची, ही विसंगती मुले आपल्याआधी टिपतात. पगाराचे पाकीट ठरल्या तारखेला मुलांच्याच हातून द्यावे.

‘तो मला आवडतच नाही, मग प्रीती कशी करू?’ असे मूल म्हणाले तर त्याला दटावून सॉरी म्हणायला लावू नये. 18वे वचन सूड घेऊ नये आणि मनात अढी ठेवू नये, येथून सुरू होते. तेव्हा आज त्याच्याविषयी वर्गात वाईट बोलायचे नाही, एवढेच मागावे आणि रात्री प्रार्थनेत त्या मुलाचे नाव घ्यावे.

दहा आज्ञांपैकी ‘आईबापांचा मान राख’ हिला कॅथलिक मावसभावंडे चौथी आज्ञा म्हणतात आणि आपली मुले पाचवी. हा केवळ मोजण्याच्या परंपरेतील फरक आहे, त्यावरून जेवणाच्या ताटावर वाद रंगवू नये. आणि पुराच्या वेळी किंवा आजारपणात कोणाला डबा नेताना त्यासोबत धर्मप्रचाराचे पत्रक देऊ नये, डबाच द्यावा.