पहिली फुल मॅरेथॉन करायचीय? मग आधी सावकाश पळायला शिका

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, साधारण तिसऱ्या रविवारी, आणि ती झाली की पुढचे पंधरा दिवस ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की मला पण पुढच्या वर्षी फुल करायचीय, सुरुवात कशी करू. सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून हे लिहितेय. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आपल्याकडे १० किलोमीटरच्या रनलाही सर्रास मॅरेथॉन म्हणतात म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं. मी ठाण्यात राहते, नोकरी आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, तेव्हा हे सगळं घर-ऑफिस सांभाळून पळणाऱ्यांसाठी आहे, नंबर काढायला पळणाऱ्यांसाठी नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, सावकाश पळा. तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा बरंच सावकाश. माझ्या पहिल्या वर्षी मी रोज पळायचे आणि रोज कालच्यापेक्षा फास्ट, सारखं घड्याळात पेस (एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते) बघत, नोव्हेंबरमध्ये उजवी नडगी दुखायला लागली तरी बर्फ लावून पळत राहिले, डिसेंबरात जिना उतरताना डोळ्यात पाणी यायला लागलं तेव्हा कुठे डॉक्टर गाठला, एमआरआय केला तर हाडावर ताण आलेला. ६ आठवडे पळणं बंद. रजिस्ट्रेशन झालेलं असूनही त्या रविवारी मी मरीन ड्राइव्हला कठड्यापाशी उभी राहून आमच्या ग्रुपमधल्यांना केळी देत होते. पुढच्या वर्षी तोच रस्ता मी पळून पूर्ण केला, आणि दोन वर्षांत फरक एवढाच होता की दुसऱ्या वर्षी मी आठवड्यातले बहुतेक किलोमीटर गप्पा मारत मारत पळाले.

आधी डॉक्टर, मग शूज

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ४२ किलोमीटर पळायचेत, ते ईसीजी, लागली तर स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील. बायकांनी हिमोग्लोबिन आणि आयर्न नक्की तपासा. आपल्याकडे कितीतरी जणी दमल्या की स्वतःलाच दोष देतात आणि असतं काय तर रक्त कमी.

शूज दुकानात संध्याकाळी जाऊन घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे घ्या, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक नंबर मोठा लागतो. लहान शूजमध्ये लांब पळलं की नखं काळी पडतात आणि गळतातही. तळव्यात कार्बनची पट्टी असलेले महागडे शूज पहिल्या वर्षी अजिबात लागत नाहीत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला जोड संपतो, म्हणजे एका सीझनला एकाचे दोन जोड लागतील हे बजेटमध्ये धरा. कॉटनचे मोजे मात्र नकोत, ते घामाने भिजले की फोड आलेच म्हणून समजा.

जून ते ऑगस्ट, पावसात पाया घालायचा

शून्यातून सुरुवात असेल तर पहिले २ आठवडे फक्त अर्धा-पाऊण तास भरभर चाला. मग १ मिनिट पळा २ मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून ३-४ दिवस. हळूहळू पळायची मिनिटं वाढवायची. चालणं म्हणजे हरणं असं डोक्यातून काढून टाका. जेफ गॅलोवे हा १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये पळालेला अमेरिकन धावपटू, त्यानेच हे पळा-चाला-पळा तंत्र सगळीकडे पोचवलं आणि ते वापरून असंख्य लोकांनी फुल पूर्ण केलीय. ऑगस्ट संपेपर्यंत न थांबता किंवा असं पळत-चालत ८-१० किलोमीटर आरामात व्हायला हवेत. बस, एवढाच पाया.

आराम म्हणजे काय, तर शेजारच्याला एक पूर्ण वाक्य धाप न लागता सांगता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्याने पाढे म्हणून बघा. सात सक बेचाळीसला श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. या वेगात शरीर चरबी जाळायला शिकतं, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि हाडं, स्नायूबंध यांना मजबूत व्हायला वेळ मिळतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, दम दीड-दोन महिन्यांत वाढतो पण हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे दम आहे म्हणून पळत सुटणारेच जास्त दुखावतात. माझं तेच झालं होतं.

पावसात पळायला मजा येते पण साचलेल्या पाण्यातून पळू नका, खाली उघडं गटार असू शकतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) भीती. भिजलेल्या शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. बोटांमधली जागा कोरडी करा नाहीतर चिखल्या होतात. आणि पहाटेची कुत्री, ती मागे लागली तर पळायचं नाही, थांबायचं, शांत चालत निघून जायचं. अंधारात चमकणारं जॅकेट घाला, बायकांनी शक्यतो ग्रुपमध्ये पळावं आणि घरच्यांना लाइव्ह लोकेशन देऊन ठेवावं.

सप्टेंबरपासून २० आठवडे

आता खरं ट्रेनिंग. आठवड्याला ४ दिवस पळणं पुरतं. मंगळवारी ५-६ किलोमीटर इझी. गुरुवारी ६ ते १०, त्यात महिन्याभरानंतर थोडा चढ किंवा मधली १५-२० मिनिटं जरा जोरात, मी यासाठी उपवन तलावापासून येऊरच्या चढावर जायचे, पुण्यातले टेकडीवर जातात, कोल्हापूरचे पन्हाळ्याच्या रस्त्याला. शनिवारी ४-५ अगदी हळू. रविवारी लाँग रन. बुधवार-शुक्रवार घरच्या घरी अर्धा तास स्क्वॉट्स, लंजेस, टाचा वर-खाली, ब्रिज, प्लँक. हे लोक टाळतात आणि मग गुडघा दुखतो म्हणतात, अहो बऱ्याचदा गुडघा दुखतो कारण मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू काम करत नाहीत. सोमवार पूर्ण सुट्टी.

रविवारचे आकडे असे धरा. सप्टेंबरात १०, १२, १४ आणि चौथ्या आठवड्यात परत १०. ऑक्टोबरात १६, १८, २०, मग १४. नोव्हेंबरात २२, २४, १८, २६, २०. डिसेंबरात २८, २०, ३०, आणि शेवटचा मोठा ३० ते ३२. जानेवारीत २०, मग १२, मग रेस. दर दोन ते चार आठवड्यांनी आकडा खाली येतो तो मुद्दाम, त्या आठवड्यात शरीर दुरुस्ती करतं, तिथे हुशारी करून जास्त पळू नका. ४२ ट्रेनिंगमध्ये पळायचे नाहीतच, ३२ पुरतात, त्याच्या वरचे १० बाकीच्या सगळ्या महिन्यांच्या जिवावर होतात. डिसेंबरातला ३० जमला नाही, आजारी पडलात, तर तिथे २०-२२ करा, पुढच्या रविवारी भरपाई म्हणून ३६ वगैरे मुळीच नको.

लाँग रनचा वेग रेसच्या वेगापेक्षाही कमी ठेवा. हिशोब सांगते, ५ तासांत फुल म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद, साडेपाच तासांत ७:४९, आणि ६ तासांत ८:३२. पहिल्यांदा साडेपाच-सहा तास लागले तर त्यात काहीही कमी नाही, फक्त त्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, वेबसाइटवर वाचून ठेवा.

मधे एक हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) रेस म्हणून पळा, गर्दीत पळायची, पाण्याच्या टेबलाची सवय होते. वसई-विरारची वगैरे, बऱ्याच आहेत. सातारा हिल हाफ सुंदर आहे पण तिथे यवतेश्वरचा घाट चढायचा असतो, तेव्हा ती पहिली हाफ म्हणून मी तरी सांगणार नाही.

दुखण्याचं एक साधं गणित ठेवा. दोन्ही पाय सारखे जड वाटतायत, अंग मोडून आलंय, ते चालतं. पण दुखणं एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं, आणि पळताना वाढत जाणारं असेल तर त्याच दिवशी थांबायचं. दोन दिवस विश्रांतीने गेलं नाही तर फिजिओकडे जा, महिना वाट बघू नका, कळकळीने सांगतेय.

सणवार मधे येणारच

गणपतीत जागरणं, नवरात्रात उपास, दिवाळीत फराळ, आपलं ट्रेनिंग बरोबर या सगळ्यातून जातं, त्यामुळे कॅलेंडर घेऊन आधीच ठरवा कुठल्या रविवारी कमी पळायचं. उपास असेल तर निर्जळी उपासाच्या दिवशी लाँग रन करू नका, बाकी साबुदाणा, रताळं, राजगिरा, केळी हे पळणाऱ्याला चांगलंच आहे. ऑक्टोबर हीटमध्ये पेस आपोआप उतरतो, उतरू द्या, साडेचारला बाहेर पडा. दिवाळीत फटाक्यांचा धूर खाली साचलेला असतो त्या दोन-तीन सकाळी घरात व्यायाम करा.

आणि झोप. चारला उठायचं तर साडेनऊला आडवं व्हायलाच हवं. आमच्या घरी शनिवारची रात्रीची जेवणं सहा महिने बंद होती, घरच्यांशी हे आधी बोलून घ्या, कारण त्यांच्या साथीशिवाय होत नाही. माझ्या सासूबाई रविवारी मी यायच्या आत मऊ भात टाकून ठेवायच्या.

खाणं-पिणं, इथे जास्त लक्ष द्या

एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी लागते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २७०० च्या आसपास. शरीरात साठवलेली साखर असते साधारण २००० कॅलरींची. म्हणून ३०-३२ किलोमीटरला पाय एकदम दगड होतात, त्याला वॉल लागली म्हणतात, आणि वेगात सुरुवात केली तर ती आणखी लवकर लागते कारण वेगात साखर जास्त जळते. उपाय दोन, सावकाश पळा आणि पळताना खा.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) लागतात. एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, पळणाऱ्यांसाठी पाकिटात मिळणाऱ्या बहुतेक गोड जेलमध्ये २० ते २५. खजूर, चिक्की, लिमलेटच्या गोळ्या, जे पोटाला झेपेल ते, पण भूक लागायची वाट न बघता पाऊण तासापासून सुरू करायचं आणि १५ किलोमीटरच्या वरच्या प्रत्येक लाँग रनला त्याची प्रॅक्टिस करायची. पोटालाही ट्रेनिंग लागतं.

ओआरएस हे खाणं नाही, त्यात लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते क्षारांसाठी. पाकीट मोठं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, घट्ट करून पिऊ नका, पोट बिघडतं. आणि पाणी पाणी करून प्रत्येक टेबलाला ग्लास रिचवणं हेही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गंभीर होऊ शकतो. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एखादा किलो कमी झाला तर ठीक, वाढलं तर तुम्ही जास्त पाणी प्यायलात. पेनकिलर खाऊन पळायचं नाही, किडनीवर येतं.

शेवटचे ३ आठवडे

आता किलोमीटर कमी करायचे, याला टेपर म्हणतात, आणि सगळ्यात अवघड काळ हाच. काहीतरी राहिलंय असं वाटतं, नसलेली दुखणी जाणवतात. काही राहिलेलं नसतं. या दिवसांत केलेलं जास्तीचं पळणं रेसला उपयोगी पडत नाही, फक्त थकवतं. बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला एक्स्पोला, म्हणजे रेसआधीच्या प्रदर्शनाला, जाल तेव्हा तिथे तीन तास फिरू नका, आणि तिथे घेतलेली कुठलीही नवी वस्तू रेसला वापरू नका, मोजेसुद्धा नाहीत. शेवटचे २ दिवस भात, खिचडी, पोळी-बटाटा, दहीभात, नेहमीचंच पण तेल-मसाला-कोशिंबीर कमी.

रेसचा रविवार

हौशी लोकांची फुल पहाटे अंधारातच सीएसएमटीहून सुटते. रेल्वे बऱ्याच वर्षी त्या पहाटे स्पर्धकांसाठी खास लोकल सोडते, आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. सुरू व्हायच्या दोन-अडीच तास आधी केळं, ब्रेड-जॅम आणि नेहमीचा चहा. मांड्या, काखा, जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलिन.

पहिले ५ किलोमीटर सगळे तुमच्या पुढे जातील, जाऊ द्या. मरीन ड्राइव्हचा वारा, ढोल, अंधारातली गर्दी, पाय आपोआप उचलतात, तिथेच स्वतःला धरून ठेवायचं. पेसरची बस (ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या धावपटूमागे पळणारा घोळका) असेल तर तुमच्या वेळेची पकडा. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे तिथे उजाडताना पळणं हे माझ्यासाठी अख्ख्या रेसचं बक्षीस होतं, पण तिथे सेल्फीसाठी मधेच थांबू नका, कडेला या. माहीम, शिवाजी पार्ककडे लोक घरातून संत्री, बिस्किटं, मीठ घेऊन उभे असतात, लहान मुलं टाळी द्यायला हात पुढे करतात, टाळी सगळ्यांना द्या, खा मात्र पोटाच्या ओळखीचंच.

परतीला ऊन चढतं. वर्षानुवर्षं इथे फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांना पेडर रोडचा चढ आला तो नेमका ३५ किलोमीटरच्या पुढे, मार्ग अधूनमधून बदलतो म्हणून त्या वर्षीचा नकाशा बघा, पण शेवटच्या भागात चढ असेल तर तो सरळ चालत चढा, छोटी पावलं, नजर दहा फुटांवर. पोटरीत गोळा आला तर थांबून ताणा, मीठ घ्या, मग चाला, मग पळा. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम एकदम थांबला तर तिथल्या वैद्यकीय मदतीच्या माणसाला लगेच हाक मारा, पुढचा खांब गाठून मग बघू असं करू नका.

फिनिश झाल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, अर्ध्या तासात काहीतरी खा, कोरडा टीशर्ट बॅगेत ठेवलेला असू द्या कारण घाम गार पडला की हुडहुडी भरते. सोमवारची सुट्टी आधीच टाका. जिना उतरताना कठडा धरून उलटं उतरलं की मांड्या कमी दुखतात. पुढचा आठवडा पळणं नाही, फक्त चालणं, आणि नखं काळी झाली असतील तर ती ओढू नका, नवं नख खालून आलं की जुनं आपलं आपण सुटतं.