नोटीस वाचली, तरी फॉर्म हुकला: कॉम्प्युटर विभागातल्या मुलांनो, या चुका टाळा

"मॅडम, मन्हं नाव यादीमा नही शे."

विभागाच्या दाराशी द्वितीय वर्षाची एक मुलगी उभी होती. पारोळा तालुक्यातल्या खेड्यावरून पहिल्या एसटीने निघालेली. परीक्षेच्या फॉर्मची मुदत आदल्या दिवशी संपली होती आणि फॉर्म भरलेल्यांची यादी नुकतीच बोर्डावर लागली होती. तिने मोबाईल पुढे केला. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज अगदी स्पष्ट दिसत होता. नोटीस तिने पहिल्याच दिवशी वाचली होती, फॉर्मही मुदतीत भरला होता. पण पैसे गेले म्हणजे फॉर्म गेला, असं ती धरून चालली.

मी खानदेशातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते आणि विभागाच्या सूचना काढायचं कामही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, आयटी, सगळीकडची मुलं हाताखालून गेली. अभ्यास कमी पडून मागे राहिलेल्या मुलाला पुढच्या खेपेला शिकवता येतं. सूचना चुकून मागे राहिलेल्या मुलासाठी मात्र बहुतेक वेळा फारसं काही करता येत नाही, आणि ते मला फार लागतं. म्हणून हे लिहिते आहे.

पैसे कापले गेले, पण फॉर्म पोचला का?

ऑनलाइन फी भरताना बँक आणि पोर्टल या दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींशी बोलत असतात. बँक पैसे कापते आणि पोर्टलला तसा निरोप देते. तो निरोप पोचायच्या आत नेट गेलं, किंवा घाईत तुम्ही मागे जायचं बटण दाबलं, की बँकेकडे पैसे कापल्याची नोंद राहते आणि पोर्टलवर तुमचा फॉर्म 'अनपेड' राहतो. अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन डेटाबेसच्या तासाला आपण फळ्यावर शिकतो, तेच इथे आपल्याच फीचं होतं.

म्हणून पैसे भरून झाल्यावर एकदा लॉगआउट करा, पुन्हा लॉगिन करा आणि फॉर्मची स्थिती बघा. पावती उतरवून घ्या. पावतीवरचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, तुमचाच आहे ना, विषयांचे कोड बरोबर आहेत ना, मागे राहिलेला विषय त्यात आला आहे ना, हे बोट ठेवून तपासा. पीआरएन, बैठक क्रमांक, रोल नंबर आणि एबीसी आयडी (तुमची क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात त्याचा १२ आकडी क्रमांक) हे चार वेगळे क्रमांक आहेत. एकाच्या जागी दुसरा टाकलेले फॉर्म दर सत्रात माझ्यासमोर येतात.

पैसे अडकलेच तर घाबरू नका. यूपीआयने केलेल्या पेमेंटचा १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार, खात्यातून पैसे गेले पण समोरच्या व्यापाऱ्याकडे किंवा संस्थेकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर यूपीआयची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. मुदत लांब असेल तर थांबा. शेवटचा दिवस असेल तर कुणाकडून उसने घेऊन दुसऱ्यांदा भरा. अडकलेले पैसे मागून मिळवता येतात, गेलेली तारीख मिळत नाही.

तो शेवटचा दिवसच मुळात टाळा. उन्हाळी परीक्षांच्या सुमाराला आपल्याकडे काय हवा असते ते मी सांगायला नको. संध्याकाळी वादळ उठतं, रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि गावाची लाईट रात्रभर येत नाही. टॉवरची बॅटरी संपली की नेटही गेलं. 'रात्री १२ पर्यंत मुदत आहे' हा हिशेब शहरातल्या वायफायवर ठीक असेल, आपण दोन दिवस आधीची तारीख धरावी.

ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो?

आपल्या भागातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि कुठल्याच नोटिशीत ती लिहिलेली नसते.

बारावीनंतर प्रवेशाचा फॉर्म भरायला मुलगा तालुक्याच्या सायबर कॅफेत जातो. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शेतात. ई-मेल मुलाने कधी उघडलेला नसतो. कॅफेवाला भाऊ मदत करायच्या भावनेनेच स्वतःचा नंबर आणि दुकानाचा ई-मेल टाकून देतो. काम होतं, प्रवेश होतो. पुढची तीन वर्षं मात्र विद्यापीठाचे मेसेज, शिष्यवृत्तीचा ओटीपी, पासवर्ड बदलायची लिंक, सगळं त्या दुकानात जातं. एका मुलाचं दुकान मधल्या काळात बंदच झालं होतं. त्याला स्वतःच्या खात्यात शिरायला दोन आठवडे लागले.

आजच एक काम करा. विद्यापीठाच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर, सरकारी कागदपत्रं ठेवायच्या डिजीलॉकरवर आणि आधारला कोणता नंबर लावला आहे, ते वहीत लिहून काढा. चारही ठिकाणी तुमच्याकडेच राहणारा एक नंबर हवा. ऑफर संपली म्हणून सिम बदलायची सवय असेल तर ती आता सोडा. आधारला लावलेला नंबर बदलायचा असेल तर ते काम सुट्टीतच उरका.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अक्षर. एबीसी आयडी डिजीलॉकरमधून आधारवरच्या नावाने निघतो. विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव वेगळं असेल तर जुळणी अडते. हे प्रथम वर्षात दुरुस्त करणं सोपं आहे. शेवटच्या सत्रात, पदवीच्या तोंडावर, तेच काम तीन कार्यालयांचं होऊन बसतं.

शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात येतात. मोबाईलवर सहज म्हणून उघडलेल्या नव्या खात्याला आधार जोडला गेला, तर गावच्या बँकेतल्या जुन्या खात्यावर वाट बघत बसाल. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' फुकट बघता येतं. आणि महाडीबीटीचा अर्ज एकदा भरला की विसरू नका. कागदात त्रुटी निघाली तर तो तुमच्याकडेच परत येतो आणि तुम्ही दुरुस्त करून पाठवेपर्यंत तिथेच पडून राहतो.

'उद्या' म्हणजे कोणता दिवस?

ही चूक माझी आहे. एकदा तोंडी परीक्षेची वेळ बदलली. बाहेरचे परीक्षक ऐनवेळी कळवतात, तसं झालं. मी रात्री पावणेबाराला ग्रुपवर लिहिलं, 'तोंडी परीक्षा उद्या सकाळी ११ वाजता.' निम्म्या मुलांनी तो मेसेज बारानंतर वाचला. त्यांचा 'उद्या' माझ्या 'उद्या'पेक्षा एक दिवस पुढचा. सात मुलं आलीच नाहीत. परीक्षकांना हात जोडून दुपारपर्यंत थांबवलं, मुलांना फोन करून बोलावलं. भुसावळकडची मुलं मिळेल त्या गाडीने धावत आली, एक जण तर शेतातून तसाच आला. त्या दिवसापासून मी तारीख आणि वार दोन्ही लिहिल्याशिवाय सूचना पाठवत नाही.

तुम्हालाही सांगते. 'उद्या', 'सोमवारी', 'पुढच्या आठवड्यात' असा मेसेज आला तर 'मॅडम, तारीख कोणती?' असं विचारा. उद्धटपणा वाटेल म्हणून गप्प बसू नका. वर्गप्रतिनिधी असाल तर हे विचारणं तुमचं कामच आहे.

व्हॉट्सॲपवर नोटिशीचा स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा वरची जावक क्रमांकाची ओळ आणि तारीख बहुतेक वेळा कापलेली असते. मग गेल्या वर्षीची 'परीक्षा पुढे ढकलली' ही सूचना यंदा पावसाळ्यात पुन्हा जिवंत होते आणि मुलं घरी बसतात. ज्या सूचनेवर तारीख, जावक क्रमांक आणि सही नाही, ती विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याशिवाय खरी मानू नका आणि पुढे तर मुळीच पाठवू नका. मूळ पीडीएफ उतरवून ठेवा. फोटोतला मजकूर महिन्याने शोधायला गेलात तर सापडत नाही, पीडीएफचं नाव तरी सापडतं.

नोटीस शेवटपर्यंत वाचा, पण आधी वरची ओळ वाचा

सूचना कुणासाठी आहे ते वरच्या दोन ओळींत असतं: कोणतं वर्ष, कोणता अभ्यासक्रम, नियमित की एटीकेटी, जुना पॅटर्न की नव्या शैक्षणिक धोरणाचा. खाली तीन तारखा असतात, नियमित शुल्काची, विलंब शुल्काची आणि अतिविलंब शुल्काची. मुलांच्या लक्षात नेमकी तिसरी राहते. आणि विषयवार तक्ता बहुधा मागच्या परिशिष्टात असतो, पहिलं पान वाचून पीडीएफ बंद करणाऱ्याला तो दिसतच नाही.

निकालानंतरची एक गोष्ट नीट समजून घ्या. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात. गुणपत्रिका हातात पडेपर्यंत थांबलात तर ती निघून गेलेली असते. शिवाय पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधी पुढच्या परीक्षेचे फॉर्म सुटू शकतात. 'मी पास होणारच' या भरवशावर मागच्या विषयाचा फॉर्म सोडू नका. दोन्ही भरा.

फॉर्म उघडत नाही, असाइनमेंट पोचत नाही

गुगल फॉर्मवर 'यू नीड परमिशन' असं आलं की मुलं लिंक चुकीची आहे असं समजतात. बहुतेक वेळा खातं चुकीचं असतं. विभागाने फॉर्म कॉलेजच्या ई-मेलपुरता ठेवला आहे आणि मोबाईलवर तुमचं घरचं जीमेल उघडं आहे. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून खातं बदला. गुगल क्लासरूममध्ये फाईल जोडली पण 'टर्न इन' दाबलं नाही तर शिक्षकांना ती जमा झालेली दिसत नाही. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर एकदा मित्राच्या मोबाईलवर उघडून बघा. विभागाचा ई-मेल आलाच नाही असं वाटलं तर स्पॅम बघा, तिथला मजकूर ३० दिवसांनी पुसला जातो. गुगलची १५ जीबी जागा फोटोंनी भरली असेल तर नवे ई-मेल येणंच बंद होतं.

बाहेरच्या संधींच्या सूचना

स्वयम-एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची फी आणि मुदतही वेगळी. दर वर्षी काही मुलं १२ आठवडे इमाने असाइनमेंट करतात आणि परीक्षेची नोंदणी राहून जाते. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी स्पर्धेला सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी हवी. पाच मित्र जमवून शेवटच्या दिवशी सहावी शोधत वर्गावर्गांत फिरू नका. चांगलं कोडिंग करणाऱ्या मुली तुमच्याच बाकाशेजारी आहेत, त्यांना पहिल्या दिवशी विचारा.

परदेशी कार्यक्रमांच्या वेळा बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स कार्यक्रमाची १८:०० यूटीसीची मुदत म्हणजे आपली रात्री साडेअकरा.

इंटर्नशिप किंवा नोकरी देतो म्हणून आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा मेसेज आला तर पैसे भरू नका, प्लेसमेंटच्या सरांना दाखवा. पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि तरीही तारीख हुकली तर

१९९०च्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला पुण्याला जावं लागे. १५ ऑगस्ट १९९०ला जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी आपलं विद्यापीठ झालं, २०१८पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. अंतर कमी झालं, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या मुलाला बांभोरीला विद्यापीठात जायचा फेरा अजूनही दिवसभराचा आणि खिशाला जड आहे. निघण्याआधी विभागात फोन करून संबंधित माणूस जागेवर आहे का, कोणते कागद लागतात, काम कॉलेजातूनच होईल का, हे विचारा. निम्मी कामं कॉलेजातूनच होतात.

त्या मुलीचं काम तसंच झालं. १२ आकडी क्रमांक, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि साध्या कागदावर अर्ज. विभागप्रमुखांची शिफारस जोडून तो परीक्षा विभागात दिला, विलंब शुल्क भरलं आणि चौथ्या दिवशी पुरवणी यादीत तिचं नाव आलं. आधी कापलेले पैसेही परत आले. त्या चार दिवसांत तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

अर्ज लांबलचक नको. नाव, पीआरएन, वर्ग, नेमकं काय राहिलं आणि कोणत्या तारखेला, पुरावा म्हणून काय जोडलं आहे, एवढं पुरे. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.